कामापुरते इंग्रजी

रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या एका पोराला मी वर्गात ओरडून हुकूम देत होतो, "स्टारबोर्ड ट्वेंटी!" त्याने मान डोलावली आणि हातात नसलेले सुकाणू झोकात उजवीकडे फिरवले. मी म्हटले, चूक. "सर, फिरवलं की बरोबर," तो म्हणाला. फिरवले होते खरेच. पण माझ्या कानावर काहीच आले नव्हते. जहाजावर सुकाणूवाल्याला हुकूम नुसता पाळून चालत नाही, तो मोठ्याने परत म्हणावा लागतो. अधिकाऱ्याने काय सांगितले आणि याने काय ऐकले यात फरक पडला असेल, तर तो जहाज वळण्याआधी कळायला हवा. दहावीला या पोराला इंग्रजीत साठाच्या वर गुण होते. ऐकलेले परत म्हणून दाखवायचे, हे मात्र त्याला दहा वर्षांत कुठल्याच तासाला कोणी सांगितले नव्हते.

रत्नागिरीतल्या नोकऱ्यांच्या जाहिराती चाळल्या की एक ओळ हमखास भेटते: इंग्रजीवर प्रभुत्व आवश्यक. गणपतीपुळ्याच्या वाटेवरच्या रिसॉर्टला रिसेप्शनिस्ट हवी असते, एमआयडीसीतल्या कारखान्याला स्टोअरकीपर हवा असतो, डॉक्टरांना बिलाच्या खिडकीवर माणूस हवा असतो, आणि प्रभुत्व सगळ्यांनाच लागते. जाहिरात देणाऱ्यांना गाठून मी अनेकदा विचारले आहे की नेमके काय येणे अपेक्षित आहे. थोडे टोकले की खरी मागणी बाहेर येते. पाहुण्याने फोनवर सांगितलेली तारीख चुकू नये. बॅरलवरचे नाव आणि चलनावरचे नाव एकच आहे ना, ते बघता यावे. विमा कंपनीच्या पत्रात कोणता कागद कमी आहे म्हटलंय ते कळावे. यात प्रभुत्व कुठेच नाही. आणि मुलाखतीत यातले काहीही तपासले जात नाही. तिथे "टेल मी अबाउट युअरसेल्फ" एवढाच प्रश्न असतो.

म्हणून इंग्रजी किती येते याआधी ते कशासाठी हवे हे विचारावे, असे माझे मत आहे. दर्यावर्दी जगाला हे कधीच उमगले. किनाऱ्यावर अजून अंधार आहे.

तसे या जिल्ह्याला इंग्रजी नवे नाही. रत्नागिरीत १८५६ साली जन्मलेल्या टिळकांनी १८८१ साली सहकाऱ्यांबरोबर दोन पत्रे काढली, त्यातले 'केसरी' मराठीत आणि 'मराठा' इंग्रजीत. कोणाशी कोणत्या भाषेत बोलायचे याची वाटणी त्यांनी तेव्हाच करून टाकली होती. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ परांजपे १८९९ साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झाले. १८८८ साली रत्नागिरीतच जन्मलेले बाळासाहेब खेर मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले आणि पुढे १९५५ साली नेमलेल्या पहिल्या राजभाषा आयोगाचे अध्यक्ष झाले. सरकारी नोकरीच्या परीक्षा कोणत्या भाषेत घ्यायच्या, हा प्रश्न त्या आयोगापुढेही होता. याच गावात स्थानबद्ध असलेल्या सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालवली. त्यांच्या नावावर सांगितला जाणारा 'दिनांक' हा शब्द आज प्रत्येक नोकरीच्या अर्जावर छापलेला असतो, आणि त्याच्याच खाली उमेदवाराने इंग्रजीत लिहावे अशी अपेक्षा असते. असो.

हे झाले शिकल्यासवरलेल्यांचे रत्नागिरी. दुसरे रत्नागिरी बोटीवर गेले. खाडीकाठच्या गावांतून पिढ्यानपिढ्या माणसे जहाजावर जात आली. घरोघरी कोणी तरी सारंग, कोणी तांडेल, कोणी सुकाणी, कोणी भंडारी होता. हे लोक इंग्रजांच्या जहाजांवर काम करायचे, पण त्यांना इंग्रजी येत नसे. मग जहाज चालायचे कसे? साहेब शिकायचा. टॉमस रोबक नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८११ साली कलकत्त्यात इंग्रजी आणि हिंदुस्थानी असा नौकानयनाचा कोशच छापला. शिडे, दोर, नांगर, सुकाणू यांचे खलाशांच्या तोंडचे शब्द आणि हुकूम त्यात दिले होते. या परंपरेतला जॉर्ज स्मॉलचा लष्करी भाषेचा कोश १८८२ सालचा. 'लष्करी' म्हणजे फौजेची भाषा नव्हे. लस्कर म्हणजे देशी खलाशी, त्यांची ही भाषा. हिंदुस्थानी, अरबी, फारसी, पोर्तुगीज, कोकणी सगळे तिच्यात एका दोरात वळलेले. वादळात पन्नास माणसांना एकदम हुकूम द्यायचा, तर पन्नासांना इंग्रजी शिकवण्यापेक्षा दोन मालिमांनी, म्हणजे जहाजावरच्या अधिकाऱ्यांनी, ही बोली शिकणे स्वस्त आणि सुरक्षित. कामाच्या भाषेचा इतका रोखठोक हिशेब नंतर फारसा कोणी मांडला नाही.

विसाव्या शतकात चित्र पालटले. एका जहाजावर सात देशांची माणसे आली. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, कप्तान तिसऱ्याचा. १९७७ साली आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नौकानयनाची प्रमाण शब्दावली मान्य केली. १९९० च्या एप्रिलमध्ये 'स्कँडिनेव्हियन स्टार' या प्रवासी जहाजाला आग लागली, दीडशेहून अधिक लोक गेले. खलाशांना एकमेकांचे आणि प्रवाशांचे बोलणे कळत नव्हते, हा त्या दुर्घटनेतला एक धडा होता. त्यानंतर काम वेगाने पुढे गेले आणि नोव्हेंबर २००१ मध्ये सागरी संपर्काची प्रमाण वाक्ये मंजूर झाली. आमचे विद्यार्थी त्याला नुसते 'एसएमसीपी' म्हणतात.

ही वाक्ये वाचताना मला व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा अधिक आनंद होतो. त्यांची रचना बघा. रेडिओवर बोलण्याआधी आपण काय करतो आहोत ते सांगायचे. ही सूचना आहे की सल्ला, इशारा आहे की माहिती, प्रश्न, उत्तर, विनंती की इरादा, हे आठांपैकी एका शब्दाने आधीच जाहीर करायचे. इंग्रजीतल्या 'मे', 'माइट', 'शुड', 'कुड' या सगळ्या सभ्य क्रियापदांना दूर ठेवायचे. 'मे आय एंटर' म्हटले तर तुम्ही परवानगी मागता आहात की अंदाज वर्तवता आहात, हे वाऱ्याच्या आवाजात कळत नाही. मग म्हणायचे, "क्वेश्चन. डू आय हॅव परमिशन टु एंटर द फेअरवे?" अंश सांगताना एकशे पन्नास म्हणायचे नाही, एक, पाच, शून्य असे सुटे आकडे उच्चारायचे. कळले नाही तर "से अगेन". यात लाज नाही. उलट न विचारता गप्प राहणे हाच दोष. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या कप्तानालाही हे इंग्रजी नव्याने शिकावे लागते, कारण त्याचे घरचे इंग्रजी इथे जास्तीचे ठरते. वर्गात हे सांगितले की पोरांच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो पाहण्यासारखा असतो.

माप घेण्याची पद्धतही तशीच नेमकी आहे. खलाशांच्या प्रशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारात पहाऱ्यावरच्या साध्या खलाशाकडून अपेक्षा लिहिली आहे ती ही: इंग्रजीत दिलेले सुकाणूचे हुकूम पाळता यावेत. अधिकाऱ्याकडून याहून बरेच जास्त. म्हणजे हुद्द्यानुसार भाषा बदलते. आपल्याकडे मात्र दारातच वेगळा काटा लावलेला आहे. खलाशी घडवणाऱ्या 'जीपी रेटिंग' या सहा महिन्यांच्या कोर्सला दहावी पास लागते आणि दहावीला किंवा बारावीला इंग्रजीत निदान ४० टक्के. अधिकारी व्हायचे तर ५० टक्के. हे आकडे तपासायला सोपे, म्हणून आहेत. त्यांवरून सुकाणूचा हुकूम कळतो की नाही हे समजत नाही, आणि ३८ टक्क्यांवर अडकलेला, लहानपणापासून बापाच्या होडीवर दिशा ओळखणारा मुलगा बाहेर राहतो.

विमानांचीही गोष्ट अशीच. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातल्या चरखी दादरीवर दोन विमाने आदळली, ३४९ माणसे गेली. ठरवून दिलेल्या उंचीखाली उतरलेल्या कझाक विमानातल्या मंडळींचे इंग्रजी कच्चे होते, हा चौकशीतला एक ठळक मुद्दा होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेने २००३ साली वैमानिक आणि नियंत्रक यांच्यासाठी सहा पायऱ्यांची मोजपट्टी ठरवली. चौथी पायरी किमान. उच्चार, रचना, शब्दसाठा, ओघ, आकलन आणि देवाणघेवाण हे सहा निकष. सर्वात कमी निकषावर मिळालेली पायरी तीच तुमची पायरी. सरासरी काढायची नाही. आणि चौथ्या पायरीवाल्याने तीन वर्षांनी पुन्हा परीक्षा द्यायची, कारण न वापरलेली भाषा गंजते. उच्चाराची अट एवढीच की समजण्यात अडथळा येऊ नये. मातृभाषेचा सूर लागला तरी चालतो.

आता जहाजांवरून आणि विमानांतून जमिनीवर येऊ.

खेड तालुक्यातल्या लोटे परशुरामच्या रासायनिक कारखान्यांत कामगार इंग्रजी बोलतो कुठे? जवळजवळ कुठेच नाही. सुपरवायझरशी मराठी, यूपी-बिहारच्या कंत्राटी मजुरांशी हिंदी. पण त्याच्याभोवती इंग्रजी छापलेले असते. ड्रमवरचे लेबल, पॅनलवरचा अलार्म, कामाचे परमिट, शिफ्ट सुटताना भरायचे लॉगबुक. त्याला लागते ते वाचायचे इंग्रजी, तेही दीडदोनशे शब्दांचे. पण ते शब्द चुकले तर माणूस मरतो. 'फ्लॅमेबल' आणि 'इनफ्लॅमेबल' यांचा अर्थ एकच आहे, हे किती जणांना सांगितलेले असते? 'इन' म्हणजे नकार असे शाळेत शिकलेला हुशार मुलगाच इथे फसायचा. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने सूचनाफलक इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावायला सांगितले होते. यामागची बुद्धी रोबकच्या कोशाचीच: काही ओझे कामगाराने उचलावे, काही मालकाने. फलक लागले. पण यंत्राबरोबर आलेली पुस्तिका, बदललेली कार्यपद्धती, नव्या रसायनाचा सुरक्षा तक्ता बहुधा इंग्रजीतच राहतो आणि कामगाराची त्याखाली सही असते. त्या सहीला मी इंग्रजीची परीक्षा म्हणणार नाही.

आंब्याचे निराळे. २००७ साली अमेरिकेने भारतीय आंब्याला दार उघडले. १ मे २०१४ पासून युरोपने फळमाशीमुळे ते लावून घेतले आणि पुढच्या वर्षी पुन्हा उघडले. या उघडझापेत बागायतदाराच्या दारात इंग्रजी आले. बागेची नोंदणी, फवारणीच्या नोंदी, औषधाच्या अंशाची मर्यादा, वनस्पतींच्या आरोग्याचे 'फायटो' प्रमाणपत्र. पावसकडचे एक वयस्कर बागायतदार एकदा मोबाइल घेऊन आले. परदेशातल्या खरेदीदाराचा मेल होता, पेट्यांत 'स्पाँजी टिश्यू' आढळल्याची तक्रार. "मास्तर, आपण पेटीत टिश्यू पेपर घालतच नाही, गवत घालतो," ते म्हणाले. मी म्हटले, "काका, ते साक्याबद्दल म्हणतायत." यावर काकांनी साका का पडतो, कोणत्या कलमाला जास्त पडतो, उन्हात तापलेल्या जमिनीवर काढलेला आंबा ठेवला तर काय होते, यावर जे व्याख्यान दिले ते कुठल्याही कृषी परिषदेत शोभले असते. त्यांना लागणारे इंग्रजी म्हणजे त्यांच्याकडे आधीच असलेल्या ज्ञानावर चिकटवायच्या चाळीस-पन्नास चिठ्ठ्या. त्यांना 'स्पोकन इंग्लिश'च्या वर्गात बसवणे हा त्यांचा वेळ खाणे आहे. आणि बागेत राखणीला, काढणीला जे नेपाळी लोक असतात, त्यांच्याशी बोलायला काकांना हिंदीच लागते.

मिरजोळ्याच्या मासळी कारखान्यांत तर रोजच्या तोंडात असलेला 'सुरिमी' हा शब्द इंग्रजीही नाही, जपानी आहे. स्वच्छतेच्या तक्त्यावरचे तापमान लिहिणाऱ्या बायका आकडे इंग्रजीत लिहितात आणि शेरा मराठीत. तपासणीला परदेशी माणूस आला की त्यांना मागे ठेवतात आणि इंग्रजी येणारा, पण तक्ता कधीच न भरलेला माणूस पुढे करतात. पाहुण्याने खोलात प्रश्न विचारला की त्याची जी पंचाईत होते, ती मी डोळ्यांनी पाहिली आहे.

मग मोजतात कसे? जगभरच्या मोजपट्ट्या पुष्कळ. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने १९५० च्या दशकात मुलाखतीवरून पायरी ठरवण्याची पद्धत बसवली, पुढच्या बऱ्याच पट्ट्या तिच्या वंशातल्या. जपानी कंपन्यांसाठी १९७९ साली टोईक आली, १९८९ साली आयईएलटीएस. युरोपने २००१ साली ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या मांडल्या आणि त्यांचे वर्णन 'माणसाला काय करता येते' या भाषेत केले. यातला माझ्या आवडीचा नमुना ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या ओईटीचा. आरोग्यसेवेतल्यांची ही परीक्षा. नर्सला निबंध लिहायला लावत नाहीत. रुग्णाचे टिपण देऊन पुढच्या दवाखान्याला पत्र लिहायला सांगतात, आणि घाबरलेल्या रुग्णाशी बोलायला लावतात. परीक्षा अशी असली की तिची तयारी करतानाही माणूस कामच शिकतो.

आपल्याकडे कंपन्यांच्या भरतीत यंत्राने गुण देणाऱ्या चाचण्या रुळल्या आहेत. हेडफोन लावून वाक्य ऐका, परत म्हणा, ओघवते बोला. या चाचण्या ओघ आणि उच्चार बरे मोजतात, माणसासारखा चेहरा बघून निकाल देत नाहीत, हा त्यांचा गुण. पण इंटरनेट कॅफेत शेजारी पंखा खडखडत असताना दिलेली चाचणी आणि पुण्यातल्या शांत खोलीत दिलेली चाचणी एक नसते. कॉल सेंटरवाल्यांनी तर 'एमटीआय' हा शब्दच रुजवला: मदर टंग इन्फ्लुएन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव, आणि तो दोष ठरवला. आई तोंडात डोकावते याला दोष म्हणणे मला कधी रुचले नाही. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक शिकवावा, त्याने अर्थ बदलतो. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' मराठी माणसाने सारखेच उच्चारले तर सहसा काही बिघडत नाही.

एका कंपनीच्या मुलाखतींना मी भाषेचा जाणकार म्हणून बसलो होतो. आयटीआय झालेल्या मुलाने पाठ केलेली ओळख "मायसेल्फ" पासून सुरू केली आणि तिसऱ्या वाक्याला अडकला. पॅनलवरचे साहेब हसले. मी त्याला पंपाचे सील कसे बदलतोस ते सांग म्हटले. तो उभा राहिला, हातवारे करत, मोडक्या इंग्रजीत, पण क्रम न चुकवता सांगत गेला: फर्स्ट सप्लाय ऑफ, टॅग पुट, देन प्रेशर झिरो चेक, देन बोल्ट. मी त्याला गुण दिले, साहेबांनी नाहीत. त्यांच्या मते 'कॉन्फिडन्स' कमी होता.

शाळांचे काय, तर महाराष्ट्राने २००० साली पहिलीपासून इंग्रजी आणले. ती पहिली तुकडी २०१० साली दहावी झाली आणि आज तिशीत आहे. कोकण विभागीय मंडळ स्थापनेपासून दहावी-बारावीच्या निकालात राज्यात पहिले येते, याचा इथे सार्थ अभिमान आहे. पण तो निकाल लेखी इंग्रजीचा. तोंडी आणि अंतर्गत २० गुण मध्ये काढून टाकले, २०१९ चा राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला, आणि ते २० गुण परत आले. ते गुण नेमके काय मोजत होते यावर त्या गदारोळात कोणी बोलल्याचे मला आठवत नाही. आयटीआयच्या एम्प्लॉयेबिलिटी स्किल्समध्ये इंग्रजीचा भाग आहे, पॉलिटेक्निकला संवादकौशल्याचा विषय आहे. दोन्हीकडे पेपर लिहूनच पास होता येते.

सुधारायचे म्हटले की बाजारात 'तीस दिवसांत' वाले उभे असतात. कपिलदेवच्या जाहिरातीतले रॅपिडेक्स एका अख्ख्या पिढीने उशाशी ठेवले, त्याआधीच्या पिढीने तर्खडकरांची भाषांतर पाठमाला. त्यांना नावे ठेवू नयेत. एकट्याने, फुकट, रात्री कंदिलाखाली शिकता येईल असे दुसरे होते काय? पण हिशेब कळलेला बरा. केंब्रिजवाल्यांचा ढोबळ अंदाज असा की एक पायरी चढायला शिक्षकासमोरचे साधारण २०० तास लागतात. रोज एक तास धरला तर तीस दिवसांत तीस तास होतात. तेवढ्यात पायरी चढत नाही, पण एका कामाचे इंग्रजी हाती येऊ शकते, जर ते काम आधी ठरवले असेल तर. बंगळुरूला १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभूंनी शाळांमध्ये व्याकरण बाजूला ठेवून वेळापत्रके, नकाशे, हिशेब अशा कामांतून इंग्रजी शिकवून पाहिले. आज जगभर गाजणाऱ्या कार्याधारित पद्धतीचे ते एक उगमस्थान. आपल्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये लेथ समोर उभा असताना मुलांना फळ्यावर निबंध का घालायचा, याचे उत्तर मला मिळालेले नाही.

लिहिण्याच्या बाबतीत तर जमीनच सरकली आहे. मेल आता मोबाइलच लिहून देतो, तोही अस्खलित. त्यामुळे अर्जाच्या इंग्रजीवरून माणूस जोखण्याचे दिवस गेले. उरते ते यंत्राने लिहिलेले आपल्या म्हणण्याशी जुळते का हे वाचून ओळखणे, आणि समोरचा बोलतो ते त्याच क्षणी कळणे. वर्गात आता मी मुलांना मोबाइलने लिहिलेला मेल देतो आणि त्यातली चूक शोधायला लावतो. भाषेची नव्हे, मजकुराची. पेट्या २०० की २५०, तारीख चार की चौदा.

मिरकरवाड्याचा तो पोरगा आता बोटीवर आहे. मध्यंतरी सुट्टीवर आला तेव्हा विचारले, इंग्रजीचे कसे चाललेय? म्हणाला, "सर, हुकूम सगळे येतात. मेसमध्ये फिलिपिनो लोक जोक मारतात तो कळत नाही." मग थोडे थांबून म्हणाला, "ते पण शिकवा ना."